मोहीम दुब्रोव्हनिक

सहलीचा अकरावा आराखडा शशी सबनीसने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, तेव्हा रीडिंग गावी राहणाऱ्या त्याच्या सुनेने, स्वातीने, फोन उलटा ठेवून आधी चहा केला. सात पानं रिकाम्या पोटी वाचू नयेत हे ती दहाव्या आराखड्यानंतर शिकली होती. ग्रुपचं नाव 'मोहीम दुब्रोव्हनिक'. मे महिन्यात, शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत पाच माणसं गॅटविक विमानतळावरून उडणार आणि पाच रात्री राहून परत येणार, एवढीच खरं तर गोष्ट होती. पण शशीच्या हाती लागलेली गोष्ट एवढीशी कधी राहत नाही.

एकाहत्तर वर्षांच्या, निवृत्त डॉक्टर माणसाला 'ते' म्हणायला हवं. पण गडाचा विषय निघाला की शशीचं वय एकवीस होतं, तेव्हा आपला 'तो'च बरा. पुण्यात मेडिकलला असताना त्याने मित्रमैत्रिणींचा एक गट जमवला होता आणि दर रविवारी एक गड, असा सपाटा लावला होता. पुढे साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून तीस वर्षं काढली, पण डोक्यातले गड काही उतरले नाहीत. म्हणून दुब्रोव्हनिकच्या दुसऱ्या दिवसाच्या पानावर 'सकाळी साडेपाच: उठणे' असं लिहिलेलं होतं. तटाचं तिकीट आठ वाजल्याशिवाय मिळत नाही, हे अनिशने, त्याच्या मुलाने, तीनदा सांगून झालं होतं. शशीचं उत्तर ठरलेलं होतं, की गड उन्हाआधी चढायचा असतो. बरोबर दशम्या घ्यायच्या, असंही खाली लिहिलेलं होतं.

पण शहराबद्दल त्याने जे लिहिलं होतं, ते वाचून स्वातीसुद्धा चहा विसरली. समुद्रात शिरलेला खडक आणि त्याच्याभोवती दोन किलोमीटरचा अखंड तट. जमिनीच्या बाजूला तट इतका जाड की आत एक खोली मावावी, कारण तोफा तिकडून येणार. समुद्राच्या बाजूला तो पातळ, कारण तिकडचा पहारा लाटा करतात. जुन्या बंदराच्या तोंडावर रात्री साखळी लावत, म्हणजे गलबत आत शिरायचं नाही. आणि डॉक्टर म्हणून शशी ज्याच्यापुढे हात जोडून उभा होता ती गोष्ट म्हणजे, सहाशे वर्षांपूर्वी या लोकांनी परमुलखातून आलेल्या जहाजांवरच्या माणसांना गावात घेण्याआधी महिनाभर वेगळं ठेवायचा कायदा केला होता. 'जंतू कुणी पाहिलेले नव्हते, तरी यांना सुचलं,' असं त्याने लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. स्वातीने अनिशला ते पान मोठ्याने वाचून दाखवलं.

एवढा खटाटोप चालला होता तो अनुराधासाठी. अनुराधा त्याची बायको, वय अडुसष्ट, सिटी लायब्ररीच्या काउंटरवर सव्वीस वर्षं बसलेली. तीन वर्षांपूर्वी तिच्या नजरेच्या बरोबर मध्यावर एक करडा डाग आला आणि तो वाढत गेला. समोर बघितलं तर माणसाचा चेहरा दिसत नाही, जरा बाजूला बघितलं तर कडेकडेने दिसतो. बरोबर मध्यावर नजर लावायची सगळी कामं हातची गेली. सुईत दोरा गेला, पुस्तक गेलं. बुटाच्या नाडीची गाठ जमेना, तेव्हा तिने मुकाट्याने वेल्क्रोचे बूट आणले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गेल्या नोव्हेंबरमध्ये सांगितलं, की कडेचं किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. घरी येताना कारमध्ये ती म्हणाली, "मला एकदा समुद्रातला किल्ला तटावरून बघायचाय, शशी. होडीतून नाही. तटावर उभं राहून, दोन्हीकडे, इकडे गाव आणि तिकडे पाणी. पुढच्या वर्षी नको. या वर्षी."

पन्नास वर्षांत तिने मागितलेल्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या. शशीने त्याच दिवशी पहिला आराखडा लिहायला घेतला.

ती त्याच्या गटातलीच. शशी पुढे चालायचा, वाट काढायचा आणि शेवटचं माणूस म्हणून अनुराधा मागे असायची. कुणी रेंगाळू नये, कुणी चुकू नये हे बघणं तिचं काम. त्या कामाला गटात फारशी किंमत नव्हती, सगळं कौतुक पुढच्याचं. त्यातून तिचं एक खूळ असं, की चढ ऐन रंगात आला की मागून हाक यायची, "थांबा रे, माझी नाडी सुटली." सगळे थांबायचे, बसायचे, पाणी प्यायचे. दर गडावर चार-पाच वेळा तरी तिच्या बुटाची नाडी सुटायचीच. शशीने तिला गाठ मारायला तीनदा शिकवलं होतं. शेवटी सगळ्यांनी तिचं नावच 'नाडी' ठेवलं आणि लग्नात उखाण्याच्या वेळीही कुणीतरी त्यावरून टाळ्या मिळवल्या होत्या.

आता अडचण अशी, की फेब्रुवारीत सुटकेसची मापं घ्यावीत म्हणून शशी लॉफ्टवर चढला आणि उतरताना शिडीवर त्याचा उजवा गुडघा अडकला. कळ अशी गेली की तो दहा मिनिटं शिडीला मिठी मारून उभा राहिला. अनुराधा खाली स्वयंपाकघरात होती. त्याने हाक मारली नाही. पुढच्या आठवड्यात जिना उतरताना पुन्हा तेच झालं. गुडघ्यात काय झालंय हे त्याला सांगायला दुसरा डॉक्टर नको होता. शेकडो गुडघेबदल त्याने टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला बसून पाहिले होते. पेशंट झोपलेला असतो. करवतीचा आणि हातोडीचा आवाज भूल देणाऱ्याला ऐकू येतो. तीस वर्षं तो आवाज ऐकलेला माणूस स्वतःचा गुडघा सहजासहजी कुणाला दाखवत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत त्याने पेनकिलर गोळ्यांची पट्टी मोज्यांच्या खणात ठेवली.

पण तटावर हजाराच्या वर पायऱ्या. सावली नाही. वाट एकाच दिशेने जाणारी, मधेच वाटलं म्हणून मागे फिरता येत नाही. शशीने तिथले व्हिडिओ रोज बघितले आणि रोज मनात एक-एक पायरी उतरून पाहिली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने बारावा आराखडा लिहिला.

त्या रविवारी रीडिंगची मंडळी जेवायला साउथहॅम्प्टनला आली होती. जेवणं झाल्यावर टेबलावर नकाशा पसरला. बारा वर्षांची ईशानी, त्याची नात, नकाशावर कोपरं टेकून बसली.

"आबा, हा भिंत आपण whole way round चालणार ना?" तिने विचारलं. तिच्या मराठीत नर-मादीचा घोळ कायमचा, पण शशीला ते मराठी सोन्याहून प्रिय होतं.

"तेच सांगायचंय," शशी म्हणाला. त्याने चष्मा काढला आणि पुसला. "या वेळी तट काढून टाकलाय. मी नीट विचार केला. पायऱ्या uneven आहेत, काही ठिकाणी कठडा नाही, गर्दी असते. आजीच्या डोळ्यांना ते झेपणार नाही. उगाच रिस्क नको. त्याऐवजी बोटीतून फेरी मारू, बाहेरून पूर्ण तट दिसतो."

मग अनिशने श्वास सोडला. "Good call, बाबा. खरं सांगू, मला केव्हापासून टेन्शन होतं. आईला कसं सांगायचं तेच कळत नव्हतं."

"बाबा, तुम्ही किती विचार करता हो सगळ्यांचा," स्वाती म्हणाली आणि तिने ते मनापासून म्हटलं, हीच पंचाईत झाली.

अनुराधा नकाशाकडे तोंड करून बसली होती. तिने मान जरा डावीकडे वळवली, म्हणजे तिला शशी कडेने दिसला असणार. शशीला वाटलं आता ती विचारेल. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात माणूस कबूल होऊन जातो.

"बरं," ती म्हणाली. "शशीने विचार केलाच असेल." आणि ती उठून ईशानीसाठी श्रीखंडाचा डबा काढायला गेली.

त्यानंतरचे दिवस शशीला बरे गेले नाहीत. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून पुष्कळ जण चालवतात, पण स्वतःच्या बायकोच्या आंधळेपणाचा खांदा त्याने घेतला होता. हे त्याला अगदी याच शब्दांत कळत होतं आणि तरी सांगवत नव्हतं. तो तिला जास्त जपायला लागला. चहा हातात द्यायला लागला, चपला पुढे ठेवायला लागला. ती प्रत्येक वेळी "थँक्यू" म्हणायची आणि त्याला आणखी वाईट वाटायचं. मंगळवारी आणि गुरुवारी मात्र ती एकटी बसने गावात जायची. लायब्ररीत ऐकायच्या पुस्तकांचा ग्रुप असतो, असं ती म्हणायची.

एप्रिलच्या एका गुरुवारी तिने कोट घातला आणि दारात थांबून म्हणाली, "आज तूही चल. काम आहे तुझ्याकडे."

बस बारगेटच्या थांब्याला थांबली. बारगेट म्हणजे साउथहॅम्प्टनची जुनी वेस, भर बाजारात उभी. तिच्या बाजूने बर्गर खात लोक जातात आणि वर कुणी बघत नाही. शशीने तरी कुठे बघितलं होतं? छत्तीस वर्षं या गावात राहिला, जगातल्या तटांच्या जाड्या पाठ केल्या, पण स्वतःच्या गावाचा तट त्याने कारच्या खिडकीतून पाहिला तेवढाच. पिकतं तिथं विकत नाही. अनुराधा लायब्ररीच्या दिशेला वळलीच नाही. ती वेशीवरून पश्चिमेला गेली, एका दगडी जिन्यापाशी थांबली आणि पांढरी काठी घडी करून तिने खिशात टाकली.

"इथे कठडा चांगला आहे," ती म्हणाली आणि चढायला लागली.

शशी मागून चढला. चढताना गुडघा फारसा कुरकुरत नाही. वर आल्यावर मात्र तो गुडघा विसरला. सातशे वर्षांपूर्वीची फांजी, म्हणजे पहारेकऱ्यांची तटावरची वाट, पायाखाली होती. पुढे अर्धगोल बुरुज, त्याच्या माथ्यावर चर्या, म्हणजे आडोशाचे दगडी कंगोरे, भिंतीत तिरंदाजांसाठी ठेवलेल्या उभ्या फटी. एकेकाळी समुद्र थेट या तटाच्या पायाशी यायचा. आता तिथे रस्ता आणि शॉपिंग सेंटरचा कार पार्क. पण पलीकडे, छपरांच्या वर, बंदराच्या क्रेन होत्या आणि त्यांच्यामागे दहा मजली क्रूझचं जहाज पांढरंशुभ्र उभं होतं. इकडे गाव आणि तिकडे पाणी. शशीने दगडावर हात ठेवला. दगड सकाळच्या उन्हाने कोमट झाला होता.

"काय बांधलंय गं," तो म्हणाला.

"मला कडेकडेने दिसतं," अनुराधा म्हणाली. "पण हाताला सगळं लागतं. इथून बुरुजापर्यंत चौऱ्याहत्तर पावलं. मधे एक उंबरा आहे, सांभाळ. पलीकडे तीन पायऱ्या, मधली झिजलेली आहे." ती पुढे चालायला लागली आणि चालता चालता सांगत गेली, डावीकडे खळगा, आता उतार, आता सपाट. उंबरा आणि झिजलेली पायरी तिने सांगितली तिथेच निघाली.

"तू लायब्ररीत जातच नव्हतीस?"

"मार्चपासून नाही. त्या रविवारनंतर मी फोनला तुझा अकरावा आराखडा पुन्हा वाचून दाखवायला सांगितला. तटाचं पान चारदा ऐकलं. मग म्हटलं, बघू तरी, मला जमतं का. पहिल्या दिवशी इथून पन्नास पावलांत घाबरून परत गेले. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते."

पन्नास वर्षं त्याने या बाईची पाठ कधी पाहिली नव्हती, कारण तो नेहमी पुढे असायचा. आता बघत होता. लहानशी पाठ, निळा कोट, एक हात दगडावरून सरकत चाललेला आणि पावलात कुठे घाई नाही, भीती नाही. त्याला तिचा अभिमान वाटला आणि त्याच्यापाठोपाठ स्वतःची लाज वाटली.

तटाच्या त्या टोकाला खाली रस्त्यावर उतरणारा जिना आहे. त्याला 'फोर्टी स्टेप्स' म्हणतात, पायऱ्या किती ते नावातच आहे. अनुराधा न थांबता उतरायला लागली. शशीने कठडा धरला. पहिल्या सहा पायऱ्या त्याने दात आवळून काढल्या. बाराव्या-तेराव्या पायरीला गुडघ्यातून ती ओळखीची कळ निघाली आणि पाय पुढे पडेना. त्याने आवाज केला नाही. समोरून एक जोडपं वर येत होतं, त्यांच्याकडे बघून तो हसलासुद्धा.

चार पायऱ्या खाली अनुराधा थांबली. वळली नाही.

"थांब रे," ती म्हणाली, "माझी नाडी सुटली." आणि ती तिथेच पायरीवर बसली, बुटाकडे वाकली.

शशी सवयीने थांबला. सवयीने त्याच्या मनात आलंसुद्धा, की हिला अजून गाठ मारता येत नाही. मग त्याची नजर तिच्या बुटांवर गेली. बूट वेल्क्रोचे होते. दोन वर्षांपासून तिच्या बुटांना नाडीच नव्हती.

कठडा धरून तो हळूहळू त्या पायऱ्या उतरला आणि तिच्या वरच्या पायरीवर बसला. त्याला गटातला लठ्ठ विनू आठवला, जो चढावर जांभळा पडायचा आणि कबूल व्हायचा नाही. नीना आठवली, जिला दमा होता आणि जी घरी न सांगता यायची. दर वेळी अनुराधाची नाडी सुटायची तेव्हा हे दोघे कुठे असायचे? मागे असायचे, अनुराधाजवळ.

"त्या सगळ्या नाड्या..." तो म्हणाला.

"मागच्या माणसाने कोण थकलंय ते पुढे ओरडून सांगायचं नसतं," अनुराधा म्हणाली. "माणूस पुढच्या रविवारी येत नाही मग. आपल्या नावावर थांबवायचं."

"माझ्या गुडघ्याचं तुला कधीपासून माहीत आहे?"

"लॉफ्टवरून उतरलास तेव्हापासून. जिन्यावर तुझं एक पाऊल जड पडतं, एक हलकं. मोज्यांच्या खणातली पट्टी हाताला लागली ते नंतर."

"मग त्या रविवारी टेबलावर बोलली का नाहीस? मी सगळ्यांसमोर तुझे डोळे..."

"मला राग आला होता," ती म्हणाली, तसं सरळच म्हणाली. "खूप. पण ईशानी तुझ्याकडे बघत होती. म्हटलं, राहू दे माझ्या नावावर, सवय आहे. फक्त या वेळी एक अडचण झाली, शशी. या वेळी मला तो तट खरंच बघायचाय."

वर येणारं जोडपं केव्हाच बाजूने निघून गेलं होतं. शशीने डोळे पुसले आणि ते लपवायचा प्रयत्न केला नाही, तसंही तिला दिसलंच असतं कडेने.

"उठ," ती म्हणाली. "उतरताना दुखरा पाय आधी खाली, मग चांगला. हे तूच पेशंटना सांगायचास ना?"

"फिजिओ सांगायची. मी नुसता झोपवायचो."

"मग आता जागा हो आणि ऐक."

ती पुढे, तो मागे. प्रत्येक पायरीला ती थांबायची आणि प्रत्येक पायरीला तो उजवा पाय आधी टाकायचा. खाली पोचायला दहा मिनिटं लागली. रस्त्याकडेला, जिथे एकेकाळी लाटा यायच्या, तिथे एक बाक होता. त्यावर बसून शशीने फोन काढला. बराच वेळ तो एका बोटाने टाइप करत बसला. अनुराधा म्हणाली, "पाठवायच्या आधी मोठ्याने वाच."

त्याने वाचलं. "आराखडा तेरावा. बाराव्या आराखड्यात तट काढला तो आजीच्या डोळ्यांमुळे नव्हे, माझ्या गुडघ्यामुळे. गुडघा फेब्रुवारीपासून खराब आहे. मी ते लपवलं आणि आजीचं नाव पुढे केलं, ही माझी चूक. आजी गेला महिनाभर साउथहॅम्प्टनच्या तटावर एकटी सराव करते आहे आणि माझ्यापेक्षा चांगली चालते. दुसरा दिवस, सकाळी आठ वाजता: तट. उतरायच्या वाटा तीन आहेत, मला जिथे जमणार नाही तिथे मी खाली उतरून थांबेन, बाकीच्यांनी पूर्ण करायचा. पुढे आजी. शेवटी मी. सोमवारी गुडघ्याच्या डॉक्टरला फोन करतो आहे."

"साडेपाचला उठणे काढलंस?"

"काढलं."

"दशम्या ठेव," ती म्हणाली.

त्याने 'दशम्या' शब्द घातला आणि पाठवलं. उत्तरं यायला वेळ लागला नाही. अनिशने आधी नुसतं 'बाबा' एवढंच लिहिलं, मग स्वातीने एका चांगल्या ऑर्थोपेडिक सर्जनचं नाव पाठवलं. सर्वांत शेवटी ईशानीचा व्हॉइस मेसेज आला. "आबा, it's okay. मी तुझा मागे चालेल. And आजी is literally so cool." अनुराधाने तो दुसऱ्यांदा लावायला सांगितला.

बसची वेळ झाली होती. ती उठली, काठी उघडली आणि तटाच्या सावलीतून थांब्याकडे चालायला लागली. शशी मागून निघाला. वीसेक पावलं गेल्यावर गुडघ्याने पुन्हा आठवण दिली. त्याने सवयीने ओठ घट्ट मिटले. मग ते उघडले.

"अनू, थांब जरा," तो म्हणाला. "माझा गुडघा दुखतोय."

ती थांबली.